फुगलेल्या फांदीमागचे विषाणू

कोकोच्या झाडाला जडणाऱ्या विषाणूजन्य रोगांपैकी सर्वांत मोठी नासाडी करणारा रोग पश्चिम आफ्रिकेतला आहे. इंग्रजीत त्याला ‘स्वोलन शूट’ म्हणतात. लागण झालेल्या झाडाच्या कोवळ्या फांद्या आणि मुळे जागोजागी फुगतात, त्यावरून हे नाव पडले. पण जाणकार बागाईतदार फुगवट्याची वाट पाहत नाही. त्याची नजर असते नव्या पालवीवर. लागण झालेल्या झाडाच्या कोवळ्या पानांत शिरांलगत लाल पट्टे उमटतात. पान जून होत गेले की लाली ओसरते आणि शिरांच्या कडेने फिकट पिवळी जाळी उरते. पुढे फळे लहान आणि गोलसर धरतात, आत दाणे कमी भरतात. अमेलोनाडो या जुन्या जातीच्या झाडाला जहाल विषाणूने गाठले, तर पहिल्या वर्षी उत्पन्न सुमारे पाव हिश्श्याने आणि दुसऱ्या वर्षी निम्म्याने उतरते. तीन ते पाच वर्षांत झाड उभ्याउभ्या वाळते.

आयव्हरी कोस्ट आणि घाना हे दोन देश मिळून जगातला निम्म्याहून अधिक कोको पिकवतात. हे पीक मोठ्या कंपन्यांच्या मळ्यांतले नाही, दोन-चार हेक्टरांच्या घरच्या बागांमधले आहे. मार्च २०२४ मध्ये कोकोचा आंतरराष्ट्रीय भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला, तेव्हा चॉकलेट खाणाऱ्या जगाचे लक्ष या बागांकडे वळले. लहरी पाऊस, वयस्क झालेली झाडे, खतांची महागाई या कारणांबरोबर हा रोगही त्या टंचाईमागे होता. गावातल्या कुटुंबांना तो नव्वद वर्षांपासून छळतो आहे. इतक्या वर्षांत त्यावर उतारा का मिळाला नाही, याचे मोठे उत्तर अलीकडच्या जनुकीय अभ्यासातून हाती आले. एकच शत्रू समजून ज्याच्याशी लढाई चालली होती, ते प्रत्यक्षात एकमेकांपासून बरेच दूर गेलेल्या अनेक विषाणूंचे कुळ आहे.

कोको हे आफ्रिकेचे झाड नव्हे. ते मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातले. १८२२ मध्ये पोर्तुगीजांनी ते ब्राझीलहून प्रिन्सिपे बेटावर आणले. तिथून ते साओ टोमे आणि फर्नांडो पो या बेटांवर पोहोचले. फर्नांडो पोवर मजुरीला गेलेले तेत्ते क्वार्शी १८७९ मध्ये बिया घेऊन मायदेशी परतले आणि आजच्या घानातल्या माम्पाँग गावी त्यांनी त्या लावल्या. त्याआधी बासेलच्या मिशनऱ्यांनीही लागवडीचे प्रयत्न केले होते, पण घानाची जनता या पिकाचे श्रेय क्वार्शींनाच देते. पुढच्या तीस-बत्तीस वर्षांत गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, ही ब्रिटिश वसाहत कोको उत्पादनात जगात पहिली झाली. हे सगळे प्रामुख्याने आफ्रिकी शेतकऱ्यांनी स्वतःच्या बळावर केले. मात्र ही लाखो झाडे मूठभर रोपांच्या वंशातली होती. त्यांच्यात जनुकीय विविधता जवळजवळ नव्हती, त्यामुळे जे एका झाडाला बाधणार होते ते सगळ्यांनाच बाधणार होते.

१९३६ मध्ये वसाहतीच्या पूर्व भागात, कोफोरिदुआच्या परिसरात, फांद्या फुगून मरणारी झाडे प्रथम नोंदली गेली. दोन वर्षांनी जवळच्या ताफो येथे कोको संशोधन केंद्र उभे राहिले. तिथे काम करणाऱ्या ए. एफ. पॉस्नेट या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने रोगट झाडाची डोळकाडी निरोगी रोपावर बांधून पाहिली. काही काळाने निरोगी रोपावर तीच लक्षणे उमटली. बुरशी नाही, जिवाणू नाही, जमिनीतली उणीवही नाही, आणि तरी रोग कलमातून चालत येतो, यावरून १९४० मध्ये तो विषाणूजन्य असल्याचे सिद्ध झाले. १९४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाहकही सापडला. तो होता पिठ्या ढेकूण. द्राक्ष, सीताफळ किंवा कापूस लावणाऱ्या महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हा कापसासारख्या पांढऱ्या मेणात गुरफटलेला किडा चांगलाच ठाऊक आहे. तोवर पूर्व भागातल्या बागा ढासळत चालल्या होत्या. १९३६ च्या सुमारास या भागात वर्षाला १ लाख १६ हजार टन कोको निघत होता, १९५५ च्या सुमारास तो ३८ हजार टनांवर आला.

उपाय एकच सुचत होता, झाड तोडून टाकणे. १९४६-४७ पासून वसाहत सरकारने तो सक्तीने राबवायला सुरुवात केली. सरकारी टोळ्या बागेत शिरत, खोडावर खूण करत आणि तोडत. रोगाची लक्षणे दिसणारी झाडे तर जातच, त्यांना लागून उभी असलेली, फळांनी लगडलेली झाडेही जात. भरपाई तुटपुंजी होती. सरकारला आमच्या जमिनी बळकावायच्या आहेत, असा संशय गावोगाव पसरला. १९४८ च्या फेब्रुवारीत अक्रामध्ये दंगली उसळल्या. त्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या वॉटसन आयोगाने असंतोषाच्या कारणांत कोकोच्या तोडीचा स्पष्ट उल्लेख केला. पुढे स्वातंत्र्यलढ्याचे नेते एन्क्रुमा यांच्या पक्षाचे सरकार आल्यावर सक्तीऐवजी मनवळवणी आणि वाढीव भरपाई असे धोरण आले. धोरणे बदलत राहिली, तोड मात्र थांबली नाही. त्या काळापासून आजवर एकट्या घानात वीस कोटींहून अधिक झाडे तोडली गेली आहेत. वनस्पतिरोगांच्या इतिहासात एका विषाणूरोगासाठी इतकी मोठी तोड क्वचितच झाली असेल.

शेतकऱ्यांचा राग समजून घ्यायचा तर रोगाची एक चाल लक्षात घ्यावी लागते. मोठ्या झाडात विषाणू शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सहा महिने ते दोन वर्षे जातात. या मधल्या काळात झाड हिरवेगार असते, फळे देत असते, आणि त्याच वेळी पिठ्या ढेकणाच्या मार्फत शेजारच्या झाडांना रोग देत असते. म्हणून ‘चांगली दिसणारी’ झाडे तोडण्यामागचा शास्त्रीय विचार बरोबर होता. पण समोरच्या झाडात विषाणू खरोखर आहे की नाही, हे सांगणारी कोणतीही चाचणी तेव्हा नव्हती. टोळीप्रमुख अंदाजाने वर्तुळ आखत होता आणि त्या अंदाजाची किंमत शेतकरी मोजत होता. विषाणूची जनुकीय ओळख पटवणे हा केवळ प्रयोगशाळेतला विषय नाही, हे या इतिहासामुळे पटते.

विषाणू एकाच प्रकारचा नाही, ही शंका पॉस्नेट यांना सुरुवातीपासून होती. १९४७ च्या त्यांच्या लेखात १ए, १बी, १सी, १डी अशी नावे दिलेले वेगवेगळे प्रकार आहेत. कुठल्या ठिकाणचा विषाणू पान लाल करतो, कुठला फक्त फांदी फुगवतो, कुठला झाड मारतो, याच्या तपशीलवार नोंदी त्यांनी ठेवल्या. पुढे ज्या गावात नवा प्रकार सापडला त्या गावाचे नाव त्याला देण्याची रीत पडली. न्यू जुआबेन हा सर्वांत जहाल समजला जाणारा प्रकार अशाच एका ठिकाणचा. अशी डझनावारी नावे जमा झाली, पण ही वर्गवारी लक्षणांवर उभी होती आणि लक्षणे फसवी असतात. एकच विषाणू एका जातीवर जहाल, दुसरीवर सौम्य वागतो. ऋतू बदलला, सावली कमी-जास्त झाली, तरी पानावरची नक्षी बदलते. दोन गावांतले दोन प्रकार सख्खे भाऊ आहेत की केवळ दिसायला सारखे, हे पान पाहून कोणाला सांगता येणार नव्हते.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू आखूड दंडासारखा दिसतो, दोन्ही टोके गोलसर, लांबी सुमारे १३० नॅनोमीटर आणि जाडी २८. या आकाराच्या वनस्पती-विषाणूंच्या गटाला बॅडनाव्हायरस असे नाव आहे. केळीच्या पानांवर पिवळे-तपकिरी चरे पाडणारा विषाणू, उसातला एक विषाणू आणि दक्षिण भारतात मिरीच्या वेलींना पिवळेपणा आणून खुरटवणारा विषाणू हे सगळे याच गटातले. बहुतेक वनस्पती-विषाणूंची जनुकीय सामग्री आरएनएची असते. बॅडनाव्हायरस त्याला अपवाद आहेत. त्यांच्याकडे दुपदरी डीएनएचे एक बंद कडे असते. कोकोच्या विषाणूत हे कडे सुमारे सात हजार ते साडेसात हजार अक्षरांचे असते.

त्याची वाढण्याची रीत आडवळणाची आहे. झाडाच्या पेशीत शिरल्यावर विषाणूचा डीएनए केंद्रकात जातो. तिथे पेशीचीच यंत्रणा त्यापासून कड्याच्या लांबीची आरएनए प्रत काढते. मग विषाणूचे स्वतःचे विकर, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, त्या आरएनएवरून पुन्हा डीएनए तयार करते. एचआयव्हीमध्येही हेच विकर असते. नक्कल करताना ते चुका करते आणि त्या दुरुस्त करण्याची सोय त्याच्याकडे नाही. त्यामुळे प्रत्येक पिढीत थोडे थोडे बदल साचत जातात. एकाच झाडात दोन वेगळे विषाणू शिरले तर त्यांच्या डीएनएचे तुकडे एकमेकांत मिसळून तिसराच विषाणू घडू शकतो. कोकोच्या झाडांत अशी संमिश्र लागण वरचेवर आढळते.

या कड्यावर मोजक्याच जनुकांची जागा आहे. त्यातले तिसरे जनुक सर्वांत लांब आहे. त्यापासून एक लांबलचक प्रथिन बनते आणि नंतर त्याचे तुकडे होऊन वेगवेगळी कामे करणारी प्रथिने सुटी होतात. एक विषाणूला पेशीतून पेशीत सरकवते, एक त्याचे कवच घडवते, एक हे तुकडे पाडते, आणि शेवटचा भाग म्हणजे वर सांगितलेले नक्कल करणारे विकर. हे विकर बिघडले तर विषाणूची पैदासच थांबते, म्हणून त्याच्या जनुकात फार मोठे बदल टिकत नाहीत. नातेसंबंध मोजायला हाच भाग सोयीचा ठरला. या भागातली अक्षररचना ८० टक्क्यांपेक्षा कमी जुळत असेल, तर दोन विषाणू वेगळ्या प्रजातींचे मानायचे, असा बॅडनाव्हायरससाठी आंतरराष्ट्रीय संकेत आहे.

या कुळातली पहिली संपूर्ण अक्षररचना १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. तो नमुना टोगोतल्या आगू भागातला होता. २००५ मध्ये घाना आणि टोगोतल्या आणखी पाच विषाणूंच्या संपूर्ण रचना हाती आल्या. त्यांत जहाल न्यू जुआबेन होता आणि सौम्य समजले जाणारे प्रकारही होते. तुलनेत दोन गोष्टी पुढे आल्या. काही जोड्यांमधला फरक जवळपास २९ टक्क्यांपर्यंत होता, म्हणजे ज्यांना एका नावाने हाक मारली जात होती त्यांच्यात एवढे अंतर होते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. नाते लक्षणांवरून जुळत नव्हते, ते जुळत होते प्रदेशावरून. घानातला जहाल विषाणू टोगोतल्या जहाल विषाणूपेक्षा घानातल्याच सौम्य विषाणूच्या जवळ निघाला. लक्षणांवर आधारलेल्या साठ वर्षांच्या वर्गवारीची याहून मोठी फेरतपासणी झालेली नव्हती.

आयव्हरी कोस्टने या अभ्यासाला वेग दिला. तिथे रोगाची नोंद १९४० च्या दशकातच झाली होती, पण पुढे कित्येक वर्षे तो फारसा डोईजड झाला नाही. २००३ मध्ये देशाच्या मध्य-पश्चिम भागात, सिन्फ्रा आणि बुआफ्ले परिसरात, तो नव्या जोमाने उफाळला. नमुने तपासल्यावर तीन गट निघाले. दोन टोगोतल्या गटांशी जुळणारे, आणि तिसरा तोवर कुठेच न नोंदलेला. शेजारच्या देशातून रोग आत आला एवढ्या एका स्पष्टीकरणात हे बसत नव्हते. त्यानंतर घाना, टोगो, नायजेरिया, आयव्हरी कोस्ट या देशांतले नमुने फ्रान्स आणि अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत मोठ्या प्रमाणावर वाचले गेले. आज ‘स्वोलन शूट’ या एका रोगनामाखाली अनेक स्वतंत्र प्रजाती मान्य झाल्या आहेत. टोगो ए, टोगो बी, घाना एम, घाना एन, सीडी, सीई ही त्यांतली काही नावे. यादी अजून पुरी झालेली नाही.

एका पाहुण्या झाडावर, जेमतेम दीडशे वर्षांत, एवढ्या प्रजाती आल्या कुठून? विषाणूचे उत्परिवर्तन कितीही जलद असले, तरी इतका फरक एवढ्या अल्प काळात पडत नाही. कोकोबरोबर तो अमेरिकेतून आला असेल, तर तिथल्या बागांत हेच विषाणू सापडायला हवे होते. तसे ते सापडत नाहीत. याचे उत्तर मिळते ते आफ्रिकेच्या जंगलात. पॉस्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या आसपासच दाखवून दिले होते, की पांढरी सावर, कोलाच्या जंगली जाती, गोरखचिंच अशा स्थानिक वृक्षांत हे विषाणू राहू शकतात. कोको आणि हे वृक्ष एकाच मोठ्या वनस्पतिकुळातले आहेत. जंगली झाडे या विषाणूंना सरावलेली असल्याने त्यांच्यावर ठळक लक्षणे दिसत नाहीत. जंगल विरळ करून त्याच्या सावलीत कोको लावला गेला, सावलीसाठी सावरीसारखी उंच झाडे मुद्दाम राखली गेली, आणि पिठ्या ढेकूण एकावरून दुसऱ्यावर जात राहिला. जनुकीय नकाशा सांगतो, की असे एकदाच घडले नाही. वेगवेगळ्या प्रदेशांत, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळे विषाणू जंगलातून कोकोवर उतरले. आयव्हरी कोस्टमधला अनोळखी गट याच वाटेने आला असण्याची शक्यता मोठी आहे. लागवडीच्या रेट्यात जंगल मागे हटत गेले, तसतशी अशा भेटींची संधी वाढत गेली.

अमेरिका आणि आशियातल्या बागाही पूर्ण निर्धोक नाहीत. त्रिनिदादमध्ये कोकोच्या पानांवर लाल-पिवळी नक्षी उमटवणारे दोन विषाणूप्रकार १९४० च्या दशकात पॉस्नेट यांनीच नोंदले होते. मध्यंतरी ते जवळजवळ विस्मरणात गेले. २०१७ मध्ये त्यांच्या संपूर्ण जनुकीय रचना प्रसिद्ध झाल्या आणि ते दोन्ही बॅडनाव्हायरसच, पण आफ्रिकेतल्या प्रजातींहून वेगळे असल्याचे ठरले. त्यांतला सौम्य मोझेइक विषाणू नंतर प्वेर्तो रिको, ब्राझील आणि फ्लोरिडातल्या संग्रहातही सापडला. श्रीलंकेतल्या कोकोवरही एक स्वतंत्र प्रजाती मिळाली आहे. ही मंडळी आफ्रिकेतल्या भाईबंदांइतकी जहाल नाहीत. सौम्य असल्यामुळेच ती कोणाच्या लक्षात न येता कलमांच्या काड्यांबरोबर देशोदेशी गेली असावीत. बॅडनाव्हायरसखेरीज नायजेरिया आणि घानात कोकोची पाने करपवणारा आणि सिएरा लिओनमध्ये ती पिवळी पाडणारा असे इतर गटांतले विषाणूही नोंदले गेले आहेत, पण त्यांचा फैलाव मर्यादित आहे.

बागेतल्या बागेत रोग पसरतो तो मुख्यतः पिठ्या ढेकणाच्या पायांनी. कोकोवर हे विषाणू वाहणाऱ्या त्याच्या डझनाहून अधिक जाती माहीत आहेत. तो सुईसारखी सोंड सालीत खुपसून रस शोषतो. त्या रसातून विषाणू सोंडेत आणि घशाच्या वरच्या भागात चिकटून बसतो. तो किड्याच्या शरीरात वाढत नाही, अंड्यांतून पुढच्या पिढीत जात नाही, आणि काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत त्याची बाधा करण्याची ताकद संपते. एवढ्या अवधीत किडा दुसऱ्या झाडावर पोहोचला पाहिजे. मोठ्या माद्या जागच्या फारशा हलत नाहीत. प्रवास करतात ती नुकतीच जन्मलेली पिल्ले. दाट बागेत फांद्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यांवरून चालत ती शेजारच्या झाडावर जातात. त्यामुळे रोग एका झाडाभोवती वर्तुळासारखा वाढत जातो. अधूनमधून वाऱ्याची झुळूक एखाद्या पिल्लाला उचलून बरेच दूर टाकते आणि तिथे नवे केंद्र सुरू होते. ही लांब उडी सर्वांत त्रासदायक, कारण तिचा माग काढता येत नाही.

पिठ्या ढेकूण एकटाही नसतो. त्याच्या शरीरातून पाझरणाऱ्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या त्याला सांभाळतात. क्रेमॅटोगॅस्टर वंशाच्या मुंग्या फळाच्या देठाशी किंवा फांदीच्या बेचक्यात मातीच्या आणि चघळलेल्या काडीकचऱ्याच्या पातळ छपऱ्या उभारतात आणि त्यांखाली या किड्यांची वस्ती राखतात. छपरी हळूच उचकटली, तर आत पांढऱ्या किड्यांची दाटी दिसते आणि मुंग्या चवताळून बाहेर पडतात. पाऊस, भक्षक कीटक आणि औषधाची फवारणी या तिन्हींपासून त्यांना तिथे आडोसा मिळतो. अंगावर आधीच मेणाचा थर असतो. म्हणून कीटकनाशकांनी हा रोग आटोक्यात आणण्याचे प्रयत्न फसले. पिकाच्या किमतीच्या मानाने ते परवडणारेही नव्हते.

लांबचा पल्ला मात्र माणूस गाठून देतो. चांगल्या झाडाची डोळकाडी गावाहून गावाला, देशाहून देशाला नेली जाते आणि लक्षणे नसलेला विषाणू तिच्यातून सुखरूप प्रवास करतो. बियांबाबत मतभेद आहेत. बियांतून रोग जात नाही असा जुना दंडक होता. पीसीआर या डीएनए तपासणीने काही रोपांत विषाणूचा अंश दाखवल्यावर तो वादाचा विषय झाला. विषाणूचा डीएनए सापडणे आणि रोपाला रोग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या वादात विसरता येत नाही.

चाचणी हाच आज कळीचा भाग आहे. पीसीआरमध्ये विषाणूच्या डीएनएतल्या ठरावीक अक्षरांना अचूक जुळणारे छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, वापरावे लागतात. आगूच्या एका नमुन्यावरून बनवलेले प्रायमर २९ टक्के वेगळ्या विषाणूला चिकटत नाहीत, आणि अहवाल ‘निरोगी’ असा येतो. कित्येक वर्षे असे खोटे निर्वाळे मिळत राहिले. झाड डोळ्यांदेखत मरत होते आणि कागदावर विषाणू नव्हता. आता विकराच्या जनुकातले कमी बदलणारे भाग निवडून, अनेक प्रायमरांचे संच एकत्र वापरले जातात. अडचणी तरीही आहेत. कोकोचे पान कुटले की त्यातला बुळबुळीत चीक आणि टॅनिनसारखी द्रव्ये डीएनएबरोबर उतरतात आणि पीसीआरची अभिक्रिया रोखून धरतात. झाडात विषाणू सर्वत्र सारखा नसतो. एका फांदीचे पान होकार देते आणि दुसऱ्या फांदीचे नकार. म्हणून एका झाडाची अनेक ठिकाणची पाने घ्यावी लागतात.

याहून विचित्र पेच कोकोच्या स्वतःच्या जनुकसंचात निघाला. प्राचीन काळी एका बॅडनाव्हायरसचा डीएनए कोकोच्या गुणसूत्रात शिरला आणि तिथेच राहून गेला. पूर्ण निरोगी झाडातही तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. ढोबळ चाचणी त्यालाच विषाणू समजून धोक्याची घंटा वाजवू शकते. केळीत असे जुने तुकडे संकरानंतर किंवा ताणाखाली जागे होऊन खरा रोग निर्माण करतात, म्हणून कोकोच्या बाबतीतही शास्त्रज्ञांनी ही शक्यता तपासली. आतापर्यंत तरी कोकोतला तुकडा निद्रिस्तच दिसला आहे. तो आणि खरी लागण यांत फरक करणारे प्रायमर वापरणे आता गरजेचे झाले आहे.

देशादेशांतल्या कोकोच्या जातींची देवाणघेवाण मुख्यतः इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या विलगीकरण केंद्रामार्फत होते. तिथल्या काचगृहात, जिथे कोकोची बाग मैलोन्‌मैल नाही, आलेली काडी अमेलोनाडोच्या रोपावर बांधतात. ही जात विषाणूला सर्वांत लवकर बळी पडते, आणि हेच तिचे इथले मोल. सुमारे दोन वर्षे तिची पालवी निरखली जाते, आता जोडीला जनुकीय चाचणीही होते, आणि मगच काडी पुढे जाते. भारतात केरळ, कर्नाटक, तमिळनाडू आणि आंध्र प्रदेशात नारळ-सुपारीच्या बागांत कोकोचे आंतरपीक घेतले जाते. कर्नाटकातल्या विट्टल येथील संशोधन केंद्राकडच्या अनेक परदेशी जाती रेडिंगमार्गेच आल्या. आफ्रिकेतला हा रोग भारतात आढळलेला नाही. पिठ्या ढेकूण मात्र इथे मुबलक आहे, त्यामुळे एखादी काडी चोरवाटेने आणण्याचा मोह इथेही महागात पडू शकतो.

रोग जडलेल्या बागेत अजूनही तोड हाच मुख्य उपाय आहे. घानात उद्रेकाच्या आकारानुसार रोगट झाडांभोवतीची पाच ते पंधरा मीटरांच्या आतली झाडेही काढली जातात. मुळांपासून पुन्हा धुमारे फुटले तर तेही विषाणू घेऊनच वर येतात, म्हणून खुंट मुळासकट काढावा लागतो. नव्या लागवडीभोवती तेलताड, लिंबूवर्गीय झाडे, कॉफी किंवा रबर यांचा पट्टा लावण्याची शिफारस आहे. ही झाडे या विषाणूंचे आश्रयदाते नसल्यामुळे चालत येणाऱ्या पिल्लांची साखळी तिथे तुटते. शिवाय पट्ट्यातूनही शेतकऱ्याच्या हाती काही उत्पन्न येते. हा मुद्दा लहान नाही, कारण नवा कोको फळाला यायला तीन-चार वर्षे लागतात आणि तोवर घर कशावर चालवायचे, या प्रश्नापाशीच बहुतेक मोहिमा अडतात. शेतकरी रोगट झाड तोडत नाही तो अडाणीपणाने नव्हे. अर्धे फळ देणारे झाड त्याच्या दृष्टीने रिकाम्या जमिनीपेक्षा बरे असते. २०२४ मध्ये घानाच्या वेस्टर्न नॉर्थ या प्रमुख कोको-प्रदेशातल्या बहुतांश बागा बाधित असल्याचे आकडे पुढे आले, त्यामागे हा हिशेबही आहे.

सौम्य विषाणू आधी टोचून जहाल विषाणूपासून संरक्षण मिळवण्याचे प्रयोगही ताफोला दीर्घकाळ झाले. त्यासाठी एन१ हा सौम्य प्रकार वापरला गेला. संरक्षण मिळाले, पण अर्धवट. कुळातल्या एकाचे संरक्षण दूरच्या नातलगाविरुद्ध चालेलच असे नाही, हे जनुकीय अंतरे पाहता आज समजते.

टिकाऊ आशा प्रतिकारक्षम जातींवर आहे. १९३० च्या दशकात संशोधक एफ. जे. पाउंड यांनी ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातून गोळा केलेल्या झाडांची संतती १९४४ मध्ये पॉस्नेट यांनी त्रिनिदादहून ताफोला आणली. तिच्यापासून झालेले संकर अमेलोनाडोपेक्षा रोगाला बरेच तग धरतात, पण पूर्ण मुक्त कोणताच नाही. नवा संकर तपासताना त्याच्या कोवळ्या रोपांवर किंवा सोललेल्या बियांवर विषाणू घेतलेले पिठ्या ढेकूण सोडतात आणि काही आठवड्यांनी पालवीतली लाली मोजतात. पूर्वी ही परीक्षा मुख्यतः न्यू जुआबेन या एकाच प्रकारावर होत असे. आता प्रत्येक देशाला आपल्या बागांत कोणत्या प्रजाती आहेत ते आधी वाचून, त्या सगळ्यांवर आपले संकर पारखावे लागतात. रोपावरचा निकाल काही आठवड्यांत लागतो. बागेतला निकाल हाती यायला दहा-पंधरा वर्षे जातात.